घोड्याने नैवेद्य खाल्ला

गुरांचा सरकारी डॉक्टर म्हणून माझे आयुष्य पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत गेले. या अंकाचे संपादक दर वर्षी म्हणतात, "डॉक्टर, तुमच्या गमती लिहा. लोक आवडीने वाचतात."

गमती आहेत. मोपाच्या सड्यावर, जिथे आता विमाने उतरतात, तिथे एका गृहस्थाचा बैल होता. पँट घातलेला माणूस दिसला की तो दावे तोडायचा. सुई टोचणारी माणसे पँट घालून येतात, एवढे त्याने हेरून ठेवले होते. त्याच्यासाठी मी दवाखान्यात एक लुंगी ठेवली होती. ती नेसून, खांद्यावर पंचा टाकून, सुई पाठीमागे धरून मी जवळ जायचो आणि मालक बैलाच्या कानाशी म्हणायचा, "आपलोच मनीस रे, आपलोच." आमोण्याची एक म्हातारी म्हशीला दिलेले प्रत्येक औषध आधी स्वतः चाखायची. कडू लागले तर माझ्यासमोर ओतून टाकायची आणि म्हणायची, "दोतोर, दुसरें दी. हें ती पिवची ना."

हे सगळे मी बैठकांमध्ये पुष्कळदा सांगितले आहे. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. डिचोली तालुक्यातल्या एका गावात आजही म्हणतात की बाईने घोडा उपाशी मारला. गावाचे नाव देत नाही. वाचून ते स्वतःला ओळखेल. तो घोडा उपाशी मेला नव्हता. मी तिथे होतो, आणि कसा मेला ते मला तेव्हापासून माहीत आहे.

गोवा घटकराज्य झाल्याला अजून वर्ष पुरे व्हायचे होते. भिंतींवरच्या कोकणी-मराठी भाषावादाच्या घोषणा पुसट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या. शिवोलीचा पूल तेव्हा नव्हता. चोपड्याहून पलीकडे जायचे तर फेरीबोट. त्या धक्क्यावर कोणीतरी एक घोडा सोडून गेले. घाटावरून लग्नाच्या वरातीसाठी आणला असावा. पुढचा एक पाय सुजलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. बोटीची वाट पाहणारे लोक दया येऊन त्याच्यापुढे पाव टाकत होते. तेवढ्यावर तो जगत होता. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की कान टवकारायचा, म्हणून धक्क्यावर त्याचे नावच पोदेर पडले.

मला निरोप आला, मी गेलो. फेरीबोटीवाला म्हणाला, "दोतोर, ताका व्हरात. ना जाल्यार तिकीट काडून पलतडीं धाडटां."

न्यायचा कुठे? सरकारी दवाखान्यात जनावर ठेवायची सोय नव्हती. तेव्हा मला क्लोतिल्द बाय आठवली.

क्लोतिल्द बाय त्या डिचोलीच्या गावात राहायची. नवरा नैरोबीला घोड्यांच्या शर्यतींच्या एका तबेल्यात कारकून होता. तो वारल्यावर ती माहेरच्या घरी परत आली. मूलबाळ नाही. मागच्या पडवीत घाटावरच्या मजुरांनी टाकलेली दोन गाढवे, काही लंगडी कुत्री, आणि एक बकरा, जो तिने सणाच्या आदल्या दिवशी खाटकाकडून सोडवून आणला होता. गाव तिला हसायचे, पण कुणाची गाय अडली तर रात्रभर बसायला तीच. कमरेपर्यंत चिखलात उतरून ती माझ्याबरोबर म्हैस ओढायची, आणि वर आल्यावर आपल्या फ्रॉकचे पाणी पिळत म्हणायची, "दोतोर, तुमची म्हस तुमच्यापरस शाणी. ती तरी रडली."

ती घोडा घ्यायला लगेच तयार झाली. न्यायचा होता बाबलने. बाबल सावंतवाडीकडचा, खाणीवरच्या ट्रकचा ड्रायव्हर. रिकाम्या फेरीला तो चोपड्याला आला, घोड्याकडे पाहिले आणि म्हणाला, "डॉक्टरांनू, खनिज भरूचा सोडून आता घोडे भरूचे? शेटीक काय सांगू?"

"सांग, आज माती हलकी होती."

एका उंच बांधाला ट्रकचे मागचे फळके टेकवून आम्ही घोडा आत घेतला. डिचोलीपर्यंत बाबलने गाडी इतकी हळू चालवली की मागचे ट्रकवाले शिव्या देऊन पुढे जात होते. उतरवल्यावर तो म्हणाला, "उतारू बरो हा. एकदाय बेल मारूक नाय."

इथे थोडे आमच्या धंद्याचे सांगायला हवे. गाय रवंथ करते. तिच्या पोटात चार कप्पे, खाल्लेले ती पुन्हा तोंडात आणून चावते. घोड्याचे तसे नाही. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर लहान, आणि त्याला ओकता येत नाही. आत गेले ते पुढेच जायला हवे. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याची आतडी जणू झोपलेली असतात. त्याला एकदम धान्य, गूळ, पेज घातली तर ती आत आंबते, वारा धरते, आतडी फुगतात, पीळ पडतो. माणसाला वाटते उपाशी जीव आहे, घाला पोटभर. त्याच पोटभरीने तो मरतो. खरे तर मी शिकलो ते गाई-म्हशी. घोडा कॉलेजात उडत उडत शिकवलेला. पण एवढे मला माहीत होते आणि बायला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते.

"सुकें तण, उदक, मीठ," ती म्हणाली. "इल्लें इल्लें, दिसाक खूब फावट. हेर कितेंच ना." म्हणजे थोडे थोडे, दिवसातून पुष्कळदा, आणि दुसरे काही नाही.

तिचा उपास तेव्हा चालू झाला होता, ईस्टरच्या आधीचा कोरेज्म. ती हसून म्हणायची, "हांवूय कोरेज्म धरतां, तोय धरूं."

घोडा सावरू लागला. सूज उतरली. निरोगी घोड्याच्या कुशीला तपासायची नळी लावली की आत लांबून एखादी बैलगाडी लाकडी पुलावरून जात असल्यासारखा आवाज येतो. पहिल्या दिवशी पोदेरच्या कुशीत काहीच नव्हते. मग एकदा मी नळी कानाला लावून बसलो असताना ती गाडी लांबून येताना ऐकू आली. मी नळी बायच्या कानाला लावली. तिने डोळे मिटून ऐकले आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

शेजारच्या शेवंती वहिनींना हे दिसत नव्हते. त्यांना कुंपणावरून दिसायचा हाडांचा सापळा आणि त्याच्यासमोर मूठभर वाळके गवत. "बाय गे," त्या म्हणायच्या, "इल्लो गूळ तरी घाल ताका. हाडां मेजूंक येतात."

"शेवंती, गूळ ताका वीख."

"गूळ वीख?" वहिनी माझ्याकडे वळायच्या. "आयकलें दोतोर? आपूण उपाशी रावता, घोड्याकय उपाशी दवरता." त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या दारातून कोणी भिकारी रिकामा गेला नव्हता. म्हणूनच त्यांना ते बघवत नव्हते.

बायच्या मनात एक मोठी गोष्ट होती. देवळामागचा पडीक डोंगरउतार गावकऱ्यांनी दिला, तर टाकलेल्या जनावरांसाठी तिथे आसरा बांधायचा. समुद्रकिनाऱ्यांवर तेव्हा पर्यटकांना फिरवायला घोडे येऊ लागले होते आणि ती म्हणायची, "आतां एक आयला, फाल्यां धा येतले." तिचे खरे होते. जागा देणे पुनाजी गावकरांच्या हाती. शब्दाचा पक्का माणूस, देवळाचा आणि मांडाचा, म्हणजे सणाच्या नाचाच्या जागेचा, कारभार तेच बघायचे.

मग शिगमा, आमचा होळीचा सण, आला.

आमच्या भागात घोडेमोडणी असते. लाकडी घोड्याचे तोंड, बांबूचा सांगाडा, वर रंगीत झालर. पुरुष तो कमरेला बांधून, हातात तलवार घेऊन ढोल-ताशावर नाचतात. त्या गावाची आणखी एक रीत होती. घोडे दारोदार जात. घरची बाई ताट घेऊन यायची. दिवा, नारळ, गूळ-खोबऱ्याचे पोहे. मूठभर पोहे लाकडी तोंडाला लावायचे, "खा बाबा" म्हणायचे आणि परत ताटात ठेवायचे. घोड्याने खाल्ल्याशिवाय ढोल पुन्हा वाजत नाही. लाकडाचाच घोडा, तोंडाला लागले की खाल्ले.

पुनाजी माझ्याकडे आले. "दोतोर, पूर्वजांपासून आमी लांकडाचे घोडे नाचयतात. जितो घोडो ह्या मांडार केन्नाच आयिल्लो ना. तुमच्या पोदेराक फुडें चलूंदी. देव खोशी जातलो."

बायने ऐकताक्षणी नाही म्हटले. मी तिची समजूत घातली. घोड्याला थोडे चालणे बरे, गाव आपले होईल, जागेचा प्रश्न सुटेल. हे सगळे खरे होते. हेही खरे होते की मरायला टेकलेला घोडा मी उभा केला होता आणि तो मला लोकांना दाखवायचा होता.

शेवटी ती म्हणाली, "व्हरात. पूण दोरी तुमच्या हातांत. आनी ताच्या तोंडाक कोणाचोच हात लागूंक फावना."

मी हो म्हटले. ती चॅपेलला गेली.

पहिलेच घर शेवंती वहिनींचे. ढोल थांबले. वहिनी ताट घेऊन उतरल्या, लाकडी घोड्यांच्या तोंडांना पोहे लावले आणि पोदेरसमोर आल्या. मी दोरी मागे ओढली.

"वहिनी, याला नको. आजारी आहे."

"दोतोर, देवाचो घोडो म्हज्या दारांत आयला. ताका रिकाम्या तोंडान धाडूं?"

सगळे थांबले होते. पुनाजी माझ्या कानाशी म्हणाले, "एक घांस, दोतोर. तोंडाक लायतली आनी पुरो."

मी दोरी सैल केली. वहिनींनी पोहे त्याच्या ओठांना लावले. तो लाकडाचा नव्हता. त्याने मूठ रिकामी केली, मग ताटही. अंगणात एकच आनंद झाला. बायका एकमेकींना हाका मारू लागल्या की घोडा खातो आहे. त्या गावात इतक्या पिढ्या नैवेद्य दाखवत आल्या आणि आज पहिल्यांदा घोड्याने तो खाल्ला.

दुसऱ्या दारात नाही कसे म्हणू? पहिल्या घराचे घेतले आणि आमचे नाही, असे झाले असते. तिसऱ्या दारात तर पोहे वाढूनच ठेवले होते. पुढे कोणी भिजवलेले चणे आणले, कोणी खीर. प्रत्येक दारात मी मनाशी म्हणत होतो की आता पुरे, आणि प्रत्येक दारात दोरी सैल करत होतो. पोदेर खात होता. इतक्या आनंदाने खाणारे जनावर मी नोकरीत दुसरे पाहिले नाही.

दिवेलागणीला त्याला परत नेऊन बांधला. बाय चॅपेलहून आली होती. तिने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि विचारले, "ताणें कितें खाल्लें ना मू, दोतोर?"

मी म्हटले, "नाही."

लोकांसमोर भीड पडली, ती एक चूक. ही दुसरी. हिला भिडेचे निमित्त नव्हते. पडवीत आम्ही दोघेच होतो. मी खरे सांगितले असते तर तिने त्याच क्षणी त्याला चालवायला काढला असता, आम्ही नाकातून नळी घालून तेल पाजले असते. वाचला असता का, सांगता येत नाही. पण प्रयत्न झाला असता.

सकाळी बाबलने दवाखान्यासमोर ट्रक उभा केला. "डॉक्टरांनू, चला. आपलो उतारू लोळता हा."

पोदेर घामाने भिजला होता. उठायचा, मान वळवून आपल्या कुशीकडे बघायचा आणि पुन्हा अंग टाकायचा. मी नळी लावली. आत गाडी नव्हती, पूल नव्हता, काही नव्हते. तेल दिले, दुखण्याची सुई दिली, बाबल आणि मी त्याला धरून चालवले. बाय त्याचे तोंड पुसत होती. तिने ओठ उचलून पाहिला. दाढेपाशी पोहे आणि खोबऱ्याचा कीस चिकटला होता. तिने तो बोटाने काढला, माझ्याकडे पाहिले आणि फ्रॉकला पुसून टाकला.

दुपारी तो गेला.

गाव जमले. शेवंती वहिनी रडत होत्या. "एकदां तरी पोटभर जेवलो गे बाबडो," त्या म्हणाल्या, आणि इतर बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

पुनाजींनी मला विचारले, "दोतोर, इतले दीस उपाशी दवरून ताचीं आंतडीं सुकलीं आसतलीं, न्हय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायही.

मी म्हटले, "अशक्त होता."

हे खोटे नव्हते. म्हणूनच ते मला बोलता आले. त्या एका शब्दाचा गावाने काय अर्थ घेतला, ते मी तिथेच उभा राहून ऐकले.

शेताच्या कडेला बाबलने आणि गावातल्या पोरांनी त्याला पुरले. सगळे गेल्यावर मी बायला म्हटले, "मी त्यांना सांगतो."

"नाका, दोतोर," ती म्हणाली. "तांणी मोगान, मायेन घाल्लें. तांकां कळ्ळें जाल्यार आयुश्यभर त्या हातांनी जेवचीं नात."

या वाक्यामागे मी इतकी वर्षे लपून राहिलो. तिनेच नको म्हटले, मग मी कसा सांगू? पण ती ते रडवेल्या जिवाने त्या एका दुपारी म्हणाली होती. पुढे जे होणार होते, त्याबद्दलही गप्प राहा असे तिने सांगितले नव्हते.

जागेसाठी देवळात बैठक झाली. भाषावादाने गावात आधीच दोन बाजू पडल्या होत्या, आणि कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती बाईबद्दल वाकडे बोलणे त्या दिवसांत सोपे झाले होते. बोलणारेही घरात कोकणीच बोलत, ते कुणाला आठवत नव्हते. पुनाजी मात्र वाकडे बोलले नाहीत. दुःखाने म्हणाले, "बाय, एक घोडो तुका सांबाळूंक जमलो ना. धा कशे सांबाळटली?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी समईची वात बघत होतो. ती उठली, "देव बरें करूं" म्हणत पुनाजींचे आभार मानून गेली.

जागा मिळाली नाही. पोरे तिला घोडेमारीण म्हणू लागली. अडल्या गाईसाठी तिला बोलावणे बंद झाले. पावसाळ्याआधी तिने घराला कुलूप लावले आणि मुंबईला भाचीकडे गेली. गाढवे बाबलने आपल्या गावी नेली. जाताना त्याने मला विचारले, "डॉक्टरांनू, त्या घोड्यान काय खाल्लेला, ता तुमका म्हायत होता मां?" त्यानंतर त्याने माझ्या दवाखान्यासमोर ट्रक पुन्हा कधी थांबवला नाही. बाय वारल्याचे काही वर्षांनी मला तिसऱ्याच माणसाकडून कळले. मी तिला एक पत्रही लिहिले नव्हते.

पुढे किनाऱ्यांवर घोडे वाढले, तिने म्हटले होते तसेच. नोकरीच्या अखेरीस हरमलला एक घोडी बघायला गेलो. खूर फाटलेला, मालक पळालेला. तिला बोलावणारे तरुण कळवळ्याचे होते. "डॉक्टर, हिला कुठे न्यायचे?" त्यांनी विचारले. मला देवळामागचा तो डोंगरउतार दिसला. अजून पडीकच आहे. "जागा नाही," मी म्हटले. सुरूच्या झाडाला बांधलेली ती तिथेच मेली.

पोदेरला पुरले तिथे गावाने एक दगड बसवला आहे. दर शिगम्याला लाकडी घोडे तिथे थांबतात आणि उपाशी गेलेल्या घोड्याला पोहे ठेवतात. निवृत्तीनंतर मला मानाने बोलावतात. मीही तिथे पोहे ठेवले आहेत, एकदा नव्हे.

गेल्या शिगम्याला मी लवकर गेलो. शेवंती वहिनी आता फार थकल्या आहेत, सोप्यावर बसूनच असतात. त्यांना मी सगळे सांगितले. त्यांनी आपले दोन्ही तळहात उलगडून बघितले.

"म्हज्याच दारांत सुरू जालें, म्हणजे."

"दोरी माझ्या हातात होती, वहिनी."

"आनी बाय? तिका खबर आशिल्लें?"

"माहीत होते."

"तरी म्हाका कितेंच उलयली ना." मग त्या म्हणाल्या, "आनी तूं दोतोर, इतलीं वर्सां येवन म्हज्या घरचे पोहे खातालो."

गावातल्या इतरांना सांगायला त्या दिवशी माझी जीभ वळली नाही, म्हणून हे इथे लिहिले आहे. क्लोतिल्द बायने घोडा उपाशी मारला नाही. तो जगत होता तो तिच्या वाळक्या गवतावर. त्याला आम्ही खायला घालून मारले, आणि ते मला माहीत होते.

त्या दिवशी ढोल दगडापाशी थांबले तेव्हा वहिनी नातसुनेच्या खांद्याला धरून तिथवर आल्या. पोह्यांचे ताट त्यांनी बाजूला सारले. नातसुनेला गोठ्यातून मूठभर वाळके तण आणायला लावले आणि ते वाकून दगडावर ठेवले. पुनाजी आता नाहीत, त्यांच्या मुलाने विचारले, "आजी, हें कितें?"

"ताचें जेवण," वहिनी म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघू लागला. मी मान डोलावली आणि ढोल पुढे गेले. मी मागेच राहिलो. थोड्या वेळाने कुणाची तरी गाय आली, तिने दगडावरचे तण चाटून पुसून खाल्ले आणि तिथेच रवंथ करत बसली. मी तिला हाकलले नाही.